स्टाफ धरणारा

वंदना झाली, खीर झाली, वरण-बट्टीच्या दोन पंगती उठल्या, तरी बिऱ्हाड्यांच्या घरात अजून कुणी कुणावर चिडलं नव्हतं. मागच्या वर्षी आईच्या, द्रौपदाबाईंच्या, पहिल्या स्मृतिदिनाला धाकटा प्रशील थोरल्या युवराजला म्हणाला होता, "तू धुळ्याहून पाहुण्यासारखा येतोस आणि पाहुण्यासारखा जातोस." ते एक वाक्य दोन्ही घरांना पुढे सहा महिने पुरलं होतं. म्हणून या दुसऱ्या वर्षी सगळे तोंड सांभाळून होते. युवराजच्या बायकोने, सुनंदाबाईंनी, धाकट्या जावेच्या बट्ट्यांचं कौतुक केलं आणि वृषालीने ते चक्क खरं मानून घेतलं. बाहेर असोद्याचं मे महिन्याचं ऊन होतं. आत कूलर घरघरत होता.

मग युवराजच्या मुलीने, मृणालीने, तिच्या काळ्या नळकांड्यातून आराखड्याच्या शीट बाहेर काढल्या.

"पाय सांभाळा हं," म्हणत तिने पहिली शीट सतरंजीवर पसरली आणि चार कोपऱ्यांवर पाण्याचे चार तांबे ठेवले. सहा शीट होत्या. मंगळवारी सकाळी दहा वाजता पुण्याच्या कॉलेजात त्या भिंतीवर लागायच्या होत्या आणि बाहेरून आलेले परीक्षक त्यांच्यापुढे उभे राहून तिला प्रश्न विचारणार होते. आज रविवार.

मृणाली लँडस्केप आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती, तेही दुसऱ्यांदा. पहिल्या वर्षी नातेवाईक विचारायचे, "म्हणजे बागकाम का गं?" तेव्हा ती जीव तोडून समजावायची, की नुसती बाग नाही, जमीन, तिचा उतार, पाणी, वाटा, सावली, सगळंच. तिसऱ्या वर्षापासून ती "हो, बागकाम" म्हणून मोकळी होऊ लागली. मागच्या मे महिन्यात तिचा प्रबंध नापास झाला. विषय मेहरूणच्या तलावाकाठाचा होता आणि चित्रं देखणी होती. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला होता, "या जागी उभं राहिलं, की पाय कुठल्या बाजूला घसरतो?" तिला सांगता आलं नव्हतं. नकाशा तिने इंटरनेटवरून उतरवला होता. "तुम्ही दुसऱ्याच्या मोजणीवर चित्रं काढलीत," एवढंच म्हणून ते पुढच्या मुलाकडे वळले. ते वाक्य तिच्या मनात वर्षभर ठुसठुसत होतं.

म्हणून या वर्षी तिने असोद्याची, आपल्या समाजाची स्मशानभूमी घेतली. नाल्याकाठची ती दीड एकर जागा तिने जानेवारीत स्वतः मोजली. लेव्हलचं मशीन भाड्याने आणलं, दर पाच मीटरवर खुणेचे खुंट ठोकून घेतले आणि दोन दिवस दुर्बिणीला डोळा लावून आकडे घेतले. उंचीच्या खुणांची ती ॲल्युमिनियमची लांब पट्टी, स्टाफ, प्रत्येक खुंटावर धरून उभा होता तिचा बाप. धुळ्याच्या ऑफिसातून दोन दिवसांची रजा टाकून आलेला.

"ही सगळ्यात महत्त्वाची शीट," मृणाली म्हणाली. "या रेघा म्हणजे सारख्या उंचीच्या जागा. इथून पाणी असं नाल्याकडे उतरतं. आणि ही पूर्वेची बाजू सगळ्यात कोरडी, म्हणून दहनाची शेड इथे."

"तिथेच," प्रशील म्हणाला. ग्रामपंचायतीचा सदस्य असल्यामुळे त्याला कुठलीही गोष्ट दोनदा सांगायची सवय होती. "तिथेच आखलीय. काल फक्की मारून घेतली. पाच वाजता समाजाची माणसं जमणार, उद्या सकाळी खोदाई. पुतणीचा आराखडा आहे म्हणून सांगितलंय सगळ्यांना."

"काका, अजून प्रबंध पास व्हायचाय."

"होईल गं. या वेळी कोण अडवतंय."

अडवलं आबांनी.

मृणालीचे आजोबा आधार बिऱ्हाडे, वय चौऱ्याऐंशी, रेल्वेतून निवृत्त झालेले गँगमन, भिंतीला टेकून बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. सकाळी काठी टेकत ते एकटेच स्मशानभूमीत जाऊन आले होते. आजचा दिवस म्हणून गेले असतील असं समजून कुणी काही विचारलं नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले, "तुनी आजीले जठे अग्नी दिधा, तठला आकडा वाच."

मृणालीने बोट ठेवलं. "ड-चार. नव्व्याण्णव पॉइंट बासष्ट."

"आनी शेजारना बांधना?"

"नव्व्याण्णव पॉइंट चौसष्ट."

"म्हनजे?"

"म्हणजे दोन सेंटिमीटरचा फरक. जवळजवळ सपाटच, आबा."

आबांनी मान हलवली. "सपाट नही शे ते. तठे खोलगट शे. पानी तठूनच जास. पह्यल्या मोठ्या पूरले तुमनी शेड पानीमा उभी राही."

"आबा," प्रशील हसून म्हणाला, "तुम्हाला समोरचा माणूस ओळखू येत नाही. खोलगट कुठून दिसलं?"

"त्या रोज वारा व्हता," आबा त्याच्याकडे न बघता म्हणाले. "मीच सांगं, चिता खाले खोलगटमा रचा. मी तठे उभा व्हतू. बांध मना गुडघाले लागे. मना डोयाले दखात नही, पन गुडघाले याद शे."

मृणालीला आजीची आठवण आली आणि त्याच वेळी रागही आला. आजोबांवर रागावणं बरं नाही हे कळत असूनही आला. ती उठली, बॅगेतून लेव्हल बुक काढलं, आडव्या रकान्यांची ती निळी वही, आणि आबांपुढे उघडून धरली. आबांना वाचता येणार नव्हतं, पण तिला कुणापुढे तरी ती धरायची होती.

"हे बघा. प्रत्येक आकडा मी स्वतः घेतलाय. मोजणी शेवटी पहिल्या खुणेवर परत आणली तेव्हा चार मिलिमीटरचा फरक आला. चार. कॉलेजात दहा चालतो."

"मशीन खरं बोलस," आबा म्हणाले. "मंग पट्टी खोटी बोलनी व्हई."

ते सहज बोलून गेले होते. खोलीतल्या एकाच माणसाने ते सहज घेतलं नाही.

*

युवराज पाणी प्यायला उठला. दोन ग्लास प्यायला आणि तिसरा भरून नुसताच हातात धरून माठापाशी उभा राहिला.

त्याला सगळं आठवत होतं. जानेवारीतली सकाळ, गुडघ्यापर्यंत भिजवणारं दव, कमरेएवढं गाजरगवत आणि त्यात बाभळीची रोपटी. "तिकडे काटे आहेत, तू मशीनजवळच थांब, मी जातो," असं तो पोरीला म्हणाला होता. अ-एकपासून ड-दोनपर्यंत त्याने प्रत्येक खुंटावर पट्टी ताठ उभी केली. ड-तीनचा खुंट त्या जागेच्या काठावर होता. ड-चारचा नेमका मधोमध. आदल्या दिवशी दोरीने माप धरून खुंट ठोकताना गवतात त्याच्या लक्षात आलं नव्हतं. आता हातात पट्टी घेऊन उभा राहिल्यावर एकदम कळलं की आपण कुठे उभे आहोत. इथे आई होती.

त्याला ती पट्टी तिथे टेकवता येईना. ॲल्युमिनियमचं ते टोक आईवर ठेवायचं, ही कल्पनाच त्याला सहन होईना. ऑफिसात तो रोज शंभर कागदांवर बिनदिक्कत शिक्के मारत असे; इथे हातच उचलेना. मागून तिची हाक आली, "पप्पा, झालं का?" आणि तो दोन पावलं बाजूला सरकून बांधावर चढला आणि पट्टी तिथे धरली. दुर्बिणीतून पट्टीचा वीतभर तुकडा दिसतो, तिचा पाय कशावर आहे ते दिसत नाही. "ओके," ती ओरडली. ड-तीन, ड-चार आणि पुढचा ड-पाच, तिन्हींचे आकडे त्याने असेच बांधावरून दिले. दोन पावलांनी काय होतंय, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. नंतर तो ते विसरूनही गेला. अगदी खरं सांगायचं, तर विसरला नव्हता. त्या गोष्टीला महत्त्व आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

आज आबांनी सांगितलं.

बाहेर आवाज चढले होते. सुनंदाबाई म्हणत होत्या, "फक्की मारायची एवढी घाई कुणी सांगितली होती भाऊजी? पोरीची परीक्षा होऊ द्यायची."

"म्हणजे माझंच चुकलं. वहिनी, आराखडा तुमच्या मुलीचा आहे. चुकला असेल तर आत्ता सांगा, पाच वाजता शंभर माणसांपुढे तोंडावर पडायच्या आधी."

"चुकलेला नाही," मृणालीचा आवाज आला. "एक आकडा चुकला असता तर तो एकटा वेडावाकडा दिसला असता. इथे ओळीने तीन सारखे आहेत."

युवराज दारात आला. तो शूर माणूस नव्हता. वीस वर्षं नोकरीत त्याने भांडण टाळण्याची एक पद्धत बसवली होती, तीच त्याने आता वापरली.

"कशाला वाद," तो म्हणाला. "आबांचं मन राखू. शेड थोडी पश्चिमेला सरकवली तर काय बिघडतं? बाळा, एका शीटवर सरकव ना जरा."

मृणालीने बापाकडे पाहिलं. या माणसाने तिच्यासाठी सगळ्या भाऊबंदांची बोलणी खाल्ली होती. इंजिनीअरिंगची जागा सोडून ही कसली झाडं लावायला पाठवतोस, असं प्रशील भरल्या घरात म्हणाला तेव्हा हाच म्हणाला होता, की माझी मुलगी जे मोजेल ते बरोबर मोजेल.

"मन राखायला?" ती म्हणाली. "पप्पा, मी काय भिंतीवर कॅलेंडर लावतेय का, थोडं इकडे थोडं तिकडे? कारण काय सांगू परीक्षकांना? आबांचं मन?"

"मी आपलं सुचवलं."

"तुम्ही दोन दिवस माझ्याबरोबर उभे होतात. तुम्ही तरी सांगा ना, की मोजणी बरोबर आहे."

युवराजने ग्लास खिडकीत ठेवला, परत उचलला आणि आत गेला.

*

वृषालीला या घरात येऊन सोळा वर्षं झाली होती आणि जळगावच्या शाळेत सातवीच्या वर्गावर बारा. कोणत्या मुलाने फळा पुसून टाकलाय हे तिला वर्गात पाऊल ठेवताच कळायचं. ती पातेली उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला काय माहीत आहे?"

"कुठं काय."

"तुम्ही पाण्याचा ग्लास तीनदा धुतलात."

युवराजने हातातल्या ग्लासाकडे पाहिलं. मग त्याने सांगितलं. ओट्याकडे तोंड करून, तुटक तुटक सांगितलं. ऐकता ऐकता वृषालीने पातेलं खाली ठेवलं. तिला सासूची आठवण झाली. आठवण अशी फारशी गोड नव्हती, दोघींचं कधीच जमलं नव्हतं, पण हा पन्नास वर्षांचा माणूस आईवर पट्टी टेकवू शकला नाही हे ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या क्षणी तिच्यातली मास्तरीण जागी झाली.

"तिला आत्ता सांगा."

"ती मंगळवारी उभी राहणार आहे. सहाच्या सहा शीट त्याच रेघांवर आहेत. आत्ता सांगितलं तर ती मोडेल वृषाली."

"आणि नाही सांगितलं तर?"

"पुण्याहून कोण मोजायला येतंय? तिचा निकाल लागू दे. इथली शेड मी प्रशीलला सांगून गुपचूप सरकवतो."

"म्हणजे मागच्या वर्षी तिला जे ऐकावं लागलं, ते या वर्षी खरं करून ठेवायचं. फक्त तिला पत्ता लागू द्यायचा नाही." वृषालीने पदराने हात पुसले. "मी नाही बोलणार. पण भाऊ, आबा पाच वाजता तिथे येणार आहेत. आणि आज ते गप्प बसणार नाहीत."

बाहेर मृणाली शीट गुंडाळत होती. तिने चपला घातल्या. "मी जागेवर जाते," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "गुडघा खरा की वही, एकदा बघूनच येते."

*

साडेचार वाजता ऊन अजून भाजत होतं. समाजाची माणसं यायला अवकाश होता, पण बिऱ्हाड्यांचं घर मात्र झाडून आलं होतं. आबांना प्रशीलने मोटारसायकलवर आणलं होतं. दुपारभर तो त्यांच्यावर तडकला होता, तरी उतरताना त्यांच्या काखेत हात घालायला विसरला नाही.

गवत कापून टाकलेलं होतं. पांढऱ्या फक्कीच्या रेघांनी शेडचा चौकोन आखलेला होता. मृणाली गवत गेल्यानंतर ही जागा पहिल्यांदाच पाहत होती. लांबून ती सपाट दिसत होती, वाळकी, राखाडी, सगळी एकसारखी. ती जवळ गेली तेव्हा पावलाला उतार लागला. फार नाही. टाच उचलली गेली आणि बोटं पुढे गेली, एवढाच.

मशीन तर केव्हाच परत केलेलं होतं. पण प्रशीलचा हिलाल मिस्त्री सामान उतरवून बसला होता आणि त्याच्याकडे पाण्याची पारदर्शक नळी होती. गवंडी पातळी लावायला जी वापरतात तीच, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला थांबणारी.

"हिलालभाऊ, नळी द्या जरा," मृणाली म्हणाली. "एक टोक मी बांधावर धरते. पप्पा, तुम्ही दुसरं घ्या. ड-चारवर उभे राहा. खुंट आहे अजून तिथे."

युवराजने नळीचं टोक हातात घेतलं. चार पावलं गेला. आणि चौकोनाच्या आत, खुंटापासून हातभर अलीकडे, थांबला.

"पुढे, पप्पा."

तो हलला नाही.

"पप्पा, खुंटावर."

"मी तेव्हा इथे धरली नव्हती," युवराज म्हणाला.

तिला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"पट्टी. जानेवारीत. इथे आई आहे, मला ती टेकवता आली नाही. मी बांधावर धरली. ड-तीन, चार, पाच, तिन्ही." तो खाली बघून बोलत होता. "मला वाटलं दोन पावलांनी काय होतंय."

सुनंदाबाईंनी तोंडावर पदर धरला. मग तोच पदर सोडून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि दुपारी पोरीला सांगत होतात, शीट सरकव?" इतक्या वर्षांत त्या त्याच्याशी चारचौघांत असं कधी बोलल्या नव्हत्या.

मृणाली बांधावर नळीचं टोक धरून उभी होती. हात खाली आला आणि टोकातून पाणी तिच्या पायावर सांडलं. चार महिने. तेवढ्या काळात तिने या तीन आकड्यांवरून रेघा काढल्या होत्या, रेघांवरून उतार, उतारावरून शेड, वाटा, बसायचे कट्टे, करंजाच्या रांगा. आजीची जागा तिच्या आराखड्यात सगळ्यात कोरडी निघाली तेव्हा तिला मनातून किती बरं वाटलं होतं, ते आठवून तिला आता लाज वाटली.

"मला सांगायचं होतं, पप्पा," ती म्हणाली. ती ओरडली नाही, आणि युवराजला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. "मी तो खुंट सोडला असता. सोडता येतो. वहीत लिहायचं, घेतला नाही. त्यात काही कमीपणा नसतो. पण एका ठिकाणचा आकडा घेऊन दुसऱ्या ठिकाणी लिहायचा नसतो. पाच वर्षं मी दुसरं काही शिकलेच नाही."

"माझं चुकलं."

"माझंही चुकलं. काटे आहेत म्हणालात आणि मी मशीनजवळ थांबले. आजीच्या जागेपर्यंत मी एकदाही चालत आले नाही." तिने तळव्याने नाक पुसलं. "परत तेच केलं मी."

प्रशीलने घड्याळ पाहिलं. "हे बघ मृणाली, शांतपणे ऐक. इथली आखणी मी बदलतो, माझं मी बघून घेतो. पण तू मंगळवारी आहे तसं लाव. पुण्यात कोणाला काय कळणारे? पदवी हातात घे, मग सुधार काय सुधारायचं ते."

तो मनापासून सांगत होता. सुनंदाबाईंनाही क्षणभर ते पटलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. युवराजने तर अपेक्षेने मान वर केली. वृषाली नुसती पुतणीकडे बघत राहिली.

"काका, त्यांनी विचारलं, की इथे उभं राहिलं तर पाय कुठे घसरतो, तर?"

"तर सांग."

"तेच. आता मला माहीत आहे ना." मृणालीने नळी सरळ केली. "मी त्याच शीट लावणार. जुन्या रेघांवर लाल रेघ मारून. आणि बाजूला नवी मोजणी."

"आणि नापास केलं परत?" सुनंदाबाई म्हणाल्या.

"तर ऑक्टोबरला. मम्मी, आता रडू नकोस, मला पण येतंय."

गावापुढे प्रशीलची फजिती व्हायची होती आणि लांब रस्त्यावर पहिली दोन-चार माणसं येताना दिसायलाही लागली होती. मग त्याने पायातली चप्पल फक्कीच्या रेघेवर घासली. एक फूट पुसली, दोन फूट पुसली. "हिलाल, खराटा आण," तो म्हणाला. "बठ्ठी फक्की पुसून काढ. विचारलं कुणी तर सांगू, आबांनी थांबवलं."

"आबांनी नाही. गुडघ्याने," वृषाली म्हणाली, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत. ते काठीवर दोन्ही हात ठेवून थोरल्या मुलाकडे तोंड करून उभे होते. तो त्यांना नीट दिसत नव्हता, पण कुठे उभा आहे ते ठाऊक होतं.

"युवराज," ते म्हणाले. "जाय पुढे. माय काही म्हनाव नही."

युवराजने चपला काढल्या. तापलेल्या मातीत एक अनवाणी पाऊल पुढे टाकलं आणि खुंटाजवळ उभा राहिला. नळीचं टोक त्याने अंगालगत धरलं. आत पाणी वर-खाली झालं, हललं, आणि थांबलं. वृषालीने पुढे होऊन खालून नळी धरली. मृणालीने बांधावर पाण्याची उंची टेपने मोजली, मग ते टोक सुनंदाबाईंच्या हातात देऊन खाली उतरली आणि त्याच्याजवळची मोजली. फरक सेहेचाळीस सेंटिमीटर. उभ्या उभ्या युवराजने बाजूला पाहिलं. बांध त्याच्या गुडघ्याला लागत होता.

मृणाली तिथेच मांडी घालून बसली आणि लेव्हल बुक मांडीवर उघडलं. ड-चारच्या जुन्या आकड्यावर तिने एक आडवी रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. तो खोडून काढायचा नसतो. शेजारी नवा आकडा लिहिला. ओळीच्या शेवटी शेऱ्याचा रकाना होता. बाकीच्या ओळींत तिथे नाल्याचा काठ, बाभूळ, पायवाट असं काही ना काही लिहिलेलं होतं. या ओळीत जानेवारीपासून कोरं होतं.

"पप्पा, शेऱ्यात काय लिहू?"

युवराजने नळी अजून तशीच धरली होती.

"लिही," तो म्हणाला, "आई."

तिने लिहिलं. मग पान न मिटता ती उठली आणि म्हणाली, "चला, आता ड-पाच."